नकाशावरचा ठिपका

सांगली,
रविवार रात्र

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोन ठेवताना म्हणालीस, "आधी 'आर्केंजल' बघ, मग बोलू." बघितला. परवा एकदा, काल दुपारी पुन्हा. फोनवर आवाज चढतो म्हणून लिहिते आहे. तुझ्या मोबाइलच्या लोकेशनचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

'ब्लॅक मिरर' या इंग्रजी मालिकेचा हा भाग २०१७चा. दिग्दर्शन जोडी फॉस्टरचं, हे बाबांनी शोधून सांगितलं. बाईचंच असणार, मला वाटलंच होतं. पहिल्याच प्रसंगात आई, म्हणजे मारी, ऑपरेशन टेबलावर, मधे पडदा, आणि बाळाचं रडणं ऐकू येत नाही. तुझ्या वेळी मीही तशीच कान लावून पडले होते.

पुढं तिची लेक सारा मांजरामागं धावत बागेतून नाहीशी होते, तेव्हा मला अंबाबाईचं महाद्वार आठवलं. नवरात्र, तू साडेतीन वर्षांची. मला वाटलं तू बाबांकडं, बाबांना वाटलं माझ्याकडं. वीस मिनिटं. एका बांगडीवाल्या मावशींनी तुला पाटावर बसवलं होतं, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तू मजेत होतीस, रडत मी होते. त्या दिवशी कुणी म्हटलं असतं, मारीनं साराला बसवली तशी चिप पोरीच्या डोक्यात बसवतो, कुठं आहे ते टॅब्लेटवर कायम दिसेल, तर मी अण्णांनाही न विचारता सही केली असती.

तू म्हणतेस हा भाग तंत्रज्ञानाविरुद्ध आहे. मला तसं वाटत नाही. ते यंत्र एकदाही चुकत नाही, आणि लेखक चार्ली ब्रुकरनं ते मुद्दाम तसं लिहिलंय. चुकलं असतं तर आपण त्याला दोष देऊन मोकळे झालो असतो. त्या चिपमुळं भीती वाटेल ते सगळं साराला धूसर दिसतं. आजोबा कोसळतात, तेही धूसर. त्यांच्या कबरीपाशी आई रडते, तर तिचा चेहराच पुसला जातो. तिथं मी थांबवलं. अण्णा गेले तेव्हा तुला मिरजेला मावशीकडं पाठवलं होतं. लहान आहे, कशाला बघायचं म्हणून. मला चिपसुद्धा लागली नाही, मनू.

मारी टॅब्लेट बंद करते, पण टाकून देत नाही, माळ्यावर ठेवते. सारा पंधरा वर्षांची झाल्यावर एकदा खोटं बोलते आणि तो खाली येतो. मग मुलीला न सांगता पेयात गोळी मिसळण्यापर्यंत मजल जाते. सगळं दिसतं, त्यामुळं लेकीला काही विचारायचंच राहून जातं. मंगळवारी कात्रजच्या बोगद्यापाशी ठिपका दोन तास हलला नाही. बोगद्यात रेंज जाते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुला नुसतं "कुठं आहेस गं?" असं विचारायचं सोडून मी तुझ्या साहेबांना फोन केला. चार लोकांत तुला खाली बघावं लागलं. चुकले मी.

तरीही रात्री एकटीनं कॅब करताना नंबर कुणाला तरी पाठवावा, मोबाइल चार्ज असावा, अनोळखी माणसाला... राहू दे. तुला सगळं कळतं. भांडण वाढवायचं सोडून तू मला विचार करायला लावलास, तुझ्या वयात मला हे सुचलं नसतं. बाबांना दोनदा सांगितलं मी.

शेवटाबद्दल मात्र आपलं जमायचं नाही. लेकीच्या हातचा मार खाल्लेली आई रस्त्यावर हाका मारत असते आणि सारा ट्रकमध्ये बसून निघून जाते. तुला ती सुटका वाटली असेल. मला अजून तो ट्रकच दिसतो. चालवणारा कोण, कुठं नेणार तिला? उतरल्यावर ती कुणाला कळवणार?

लोकेशन बंदच ठेव. फक्त पोचलीस की "पोचले" एवढं टाक. दुसरं काही नको.

शनिवारी येताना दिवसाउजेडी पोचेल अशी गाडी घे. बाबा स्टँडवर थांबतील.

तुझी,
आई