ईएसआयचे पैसे कापतात, खरं मिळतं काय ते कोण सांगणार?

मा. संपादक,
सनविवि.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत हजेरी-पगाराचं काम बघते. पगार झाला की नवीन पोरं येतात, मॅडम हे ईएसआय कशाला कापलाय, मला नको, बंद करा म्हणतात. ते बंद होत नाही. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, 1948 च्या केंद्राच्या कायद्यानं आलेला. दहा किंवा जास्त माणसं कामाला आणि पगार महिना 21 हजारापर्यंत असला की ईएसआय सक्तीचाच, नको म्हणायची सोय मालकालाही नाही आणि कामगारालाही नाही. कॉन्ट्रॅक्टरकडची पोरंसुद्धा यात येतात.

15 हजार पगार धरा. कामगाराचा पाऊण टक्का म्हणजे 113 रुपये आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे 488. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून घ्यायला कायद्यानं बंदी आहे, खरं काही कॉन्ट्रॅक्टर दोन्ही वाटे मिळून 600 रुपये पोरांकडूनच कापून घेतात, आणि हातात स्लिपच नसते त्यामुळं कुणाला कळतही नाही. म्हणून स्लिप मागा आणि आपला ईएसआयचा नंबर मागा, त्या नंबरवर पैसे खरंच भरलेत की नाही ते ऑनलाइन दिसतं.

आणि या 113 रुपयांत नुसती गोळ्या-औषधं नाहीत हो. बायको-मुलांचा दवाखाना आहे, उत्पन्न नसलेल्या आई-वडलांचापण आहे. सहा महिन्यांच्या हिशोबात 78 दिवस भरले असले तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. बायकांना बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा पगारी.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो अपघाताच्या बाबतीत. भट्टीवर वितळलेल्या धातूचा रस ओतताना पायावर उडतो, बूट असला तरी आत जातो, कातडी सोलून निघते. अशा वेळी काही ठिकाणी पोराला खासगी दवाखान्यात नेतात, पहिलं बिल भागवतात आणि घरी भाजलं म्हणून सांग म्हणतात. तो बिचारा सांगतो. कामावरच्या अपघाताला 78 दिवसांची अट नाही, कामावर पहिलाच दिवस असला तरी चालतं, बरा होईपर्यंत 90 टक्के पगार मिळतो आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याला पेन्शन. घरी भाजलं म्हणून लिहून दिलं की हे सगळं गेलं. दोन महिने घरात पडून राहायचं, पगार नाही, आणि वर सोसायटीचं कर्ज.

आपल्याकडं अजून एक घोळ होतो. कुणी म्हणतं रेशनकार्डावर आयुष्मानचं कार्ड आहे, कुणी म्हणतं 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना लावली की, मग ईएसआय कशाला? त्या योजनांत ऑपरेशन, ॲडमिटचा खर्च भागतो, बुडालेला पगार कोण देत नाही. आणि ईएसआयचा नंबर एकदा मिळाला की कायमचा, उद्यमबाग सोडून महाराष्ट्रातल्या शिनोळीला कामाला लागला तरी तोच द्यायचा, नवीन काढायचा नाही.

आपल्या पेपरला एक विनंती. फॉर्म कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये असतात, मच्छे-उद्यमबागच्या पोरांना ते वाचून कळत नाहीत. ईएसआयच्या अधिकाऱ्यांना विचारून अपघाताचा रिपोर्ट कसा द्यायचा, पैसे भरले नाहीत तर तक्रार कुठं करायची, हे मराठीत अर्धं पान तरी छापा. मी कापून आमच्या हजेरीच्या खिडकीजवळ लावते.

आपली,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव