यादीत न मावणारा ट्रान्स सिनेमा

महोदय,

ट्रान्सजेंडर सिनेमावर लिहायचे म्हणजे ट्रान्स पात्रांची सनावळी द्यायची आणि शेवटी ‘चित्रण सुधारते आहे’ म्हणून मोकळे व्हायचे, हा प्रकार आता पुरे. पात्रे मोजून फारसे हाती लागत नाही. एखादा प्रसंग शॉटगणिक सोडवून पाहावा लागतो.

‘द क्राइंग गेम’मध्ये (१९९२) कॅमेरा नायकाच्या नजरेने त्याच्या प्रेयसीच्या, डिलच्या, अंगावरून खाली सरकतो आणि ती ट्रान्स असल्याचे उघड होते; पाठोपाठ नायकाला उलटी होते. प्रेक्षकाला गोष्ट कळते ती त्याच्या डोळ्यांनी, आणि किळसही त्याचीच उसनी मिळते. दोनच वर्षांनी ‘एस व्हेंचुरा’ या विनोदी चित्रपटाने त्या उलटीचा विनोद केला. (गुपित फोडू नका, अशी समीक्षकांना विनंती होती, ऑस्करवाल्यांनी डिल साकारणाऱ्या जे डेव्हिडसन यांना सहायक ‘अभिनेत्या’चे नामांकन देऊन ते फोडलेच!)

याउलट ‘बॉईज डोन्ट क्राय’ (१९९९). बाथरूममध्ये ब्रँडन या ट्रान्स पुरुष नायकाचे कपडे बळजबरीने उतरवले जातात, तेव्हा क्षणभर गती मंदावते आणि बघ्यांच्या मागे अंगभर कपड्यांतला ब्रँडनच उभा दिसतो. ब्रँडन ब्रँडनकडे पाहतो. अभ्यासक जॅक हॅल्बरस्टॅम यांनी २००५च्या पुस्तकात या नजरेला ‘ट्रान्सजेंडर नजर’ म्हटले आणि चित्रपट ती पुढे सोडून देतो, अशी तक्रारही केली. तक्रार रास्त आहे.

वर्गात असे प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवावेत, कारण धक्का पुष्कळदा संगीतच देत असते. मग टिपावे: आधी कोणाला कळले, सहपात्राला की प्रेक्षकाला? त्यानंतरचा पहिला क्लोजअप कोणाचा, किती सेकंदांचा?

दुसरी घसरण चित्रपटांची सूची करताना होते. ‘द मॅट्रिक्स’च्या (१९९९) श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून ‘वाचोव्स्की ब्रदर्स’ आहे. लाना २०१२मध्ये आणि लिली २०१६मध्ये ट्रान्स स्त्री म्हणून जाहीरपणे पुढे आल्या. मुख्य नोंद आजच्या नावाने करावी, पडद्यावरचे श्रेय वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे. जुने पुसले तर त्या काळच्या पोस्टर-परीक्षणांशी नोंद जुळत नाही. तेच मुख्य ठेवले तर प्रत्येकीचे काम जुन्या आणि नव्या नावांखाली, जणू दोन वेगळ्या व्यक्तींचे असल्यासारखे, विखुरते. ‘लिंगबदल’सारखा जुना शब्दही शोधापुरता राहू द्यावा, नाहीतर जुनी कात्रणे सापडणार नाहीत, वर्णनात तो नको.

आणि ‘मॅट्रिक्स’मध्ये उघडपणे ट्रान्स असे एकही पात्र नाही, त्यामुळे पात्रांच्या यादीत तो येतच नाही. अभ्यासक केल कीगन यांचे २०१८चे अख्खे पुस्तक मात्र या दोघींच्या सिनेमावर आहे.

– चित्रपट अभ्यासवर्गाचे शिक्षक