तलावाच्या तळाशी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवरच सांगणार होतो. पण फोनवर आपण तिघंही तब्येतीची चौकशी करतो, हवापाण्यावर येतो आणि ठेवून देतो. म्हणून पत्र.

शनिवारी मी पहिल्यांदा लोकांसमोर वाचलं. समलिंगी, ट्रान्स अशा आम्हा सगळ्यांच्या लेखनाची संध्याकाळ होती, आणि ती झाली पोहण्याच्या तलावात! फरशा बदलायच्या म्हणून पाणी काढलेलं होतं. आधी ठरलेल्या सभागृहाने कार्यक्रमाचं नाव वाचून नकार कळवला. तलाव सांभाळणाऱ्या बाई मात्र एवढंच म्हणाल्या, "सातनंतर घ्या, चपला तेवढ्या वर काढा."

साठेक माणसं उथळ बाजूच्या उतारावर सतरंज्या टाकून बसली, वाचणारा खोल टोकाला. माइक लावला तर प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत यायचा. शेवटी बंदच केला. मग सगळ्यांना सावकाश, थांबत थांबत वाचावं लागलं आणि एकेक ओळ नीट पोचली. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी शिडीवरून पाठमोऱ्या, पायरी चाचपत उतरल्या. त्यांनी तरुणपणी मैत्रिणीला लिहिलेलं, कधीच पोस्टात न टाकलेलं पत्र वाचलं. कागद घडीवर फाटला होता. तिथली ओळ त्यांनी पाठ म्हटली.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराबद्दल सांगितलं. दोन पुरुषांच्या प्रेमावरची कादंबरी त्याने १९१४ मध्ये लिहून पूर्ण केली, जवळच्या काहींना दाखवली, पण छापली नाही. तो आईबरोबर राहायचा. आई १९४५ मध्ये गेली. पुरुषांमधले असे संबंध गुन्हा ठरवणारा इंग्लंडमधला कायदा १९६७ मध्ये बदलला. कादंबरी आली १९७१ मध्ये, तो गेल्याच्या पुढच्या वर्षी. सत्तावन्न वर्षं, बाबा!

तेव्हा तुमचं वाक्य आठवलं : "लिही, पण नाव दुसरं लाव." माझ्या काळजीपोटी म्हणालात, हे मला कळतं. पण मी नाव बदललं नाही. माझं, तुमचं आणि आडनाव, तिन्ही सांगून वाचलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, असं वाटलं.

वाचलं ते तुमच्यावरच होतं. तुम्ही मला तरंगायला शिकवलंत ते. पाठीखाली तुमचा तळहात, आणि "अंग सैल सोड, मी आहे." हात कधी काढून घेतलात ते कळलंच नाही. मी तुम्हा दोघांना माझ्याबद्दल सांगितलं, त्या रात्री मला तोच हात हवा होता, एवढंच पुढे लिहिलंय. त्या रात्री तुम्ही काय बोललात ते लिहिलेलं नाही. ते आपल्या घरातलं आहे.

आई, "तुझा मित्र बरा आहे ना?" असं तू दर वेळी विचारतेस. मी फोन ठेवला की त्याला लगेच सांगतो. शनिवारी तो पहिल्या रांगेत होता आणि माझ्याआधी त्याचेच डोळे भरून आले. पुढच्या वेळी त्याचं नाव घेऊन विचार ना.

वाचलेलं पान सोबत पाठवतोय. बाबा, आईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा. तलावात आता पाणी सोडतील, त्यामुळे पुढची जागा शोधणं सुरू आहे. तुमच्या गुडघ्यांना शिडी नको, खुर्च्या असतील अशी जागा बघा, असं मी सांगून ठेवलंय.

तुमचा,
लेक