शिरपूरच्या ताईंना, मुक्काम बार्सिलोना

ताई, स. न.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. आभार मानायला रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. आज शेवटी लिहायलाच बसलो.

२०२४ च्या मोबाईल वर्ल्ड काँग्रेसला, त्या मोबाईलवाल्यांच्या जगभरच्या मेळ्याला, आपली भेट झाली तो तिसरा दिवस. फिरा ग्रान व्हिया या प्रदर्शनाच्या जागेचे आठ हॉल, लाखावर माणूस, आणि त्यात चोपडा तालुक्यातला मी, पिशवीत मोबाईल स्टार्टरचा डबा घेऊन. आमचा डबा टूजीवर चालतो. जिओच्या सिमवर तो मुकाच, कारण त्यांनी २०१६ साली सुरुवातच फोरजीपासून केली. केळीवाल्याला रात्रीची लाईट असली की मिस कॉलवर मोटर चालू व्हावी, एवढंच आमचं काम. त्यासाठी परवडणारं फोरजी मॉड्यूल, म्हणजे डब्याला नेटवर्कशी जोडणारा भाग, शोधत मी दोन दिवस पाय मोडले.

जो तो आधी गळ्यातला बॅज वाचायचा, मग विचारायचा, वर्षाला किती लाख पीस? मी म्हणायचो, सहाशे. की साहेबांची मान दुसरीकडे. एकाच्या छातीवर चांगलं मराठी आडनाव होतं. मी मराठीत बोललो, त्यांनी इंग्रजीत माहितीपत्रक हातात दिलं. (तेही शेवटचं पान फाटलेलं.) आमच्याकडचा एक विक्रेता तर वर्षभर नुसती कोटेशनं पाठवत होता, त्याचं काय सांगू!

तुमचा स्टॉल कोपऱ्यातला, लहानसा. माझं इंग्रजी दोन वाक्यं ऐकलंत आणि आपल्या अहिराणीत म्हणालात, "तुमनं गाव कोनतं भाऊ?" खरं सांगतो, मला खुर्ची आधी शोधावी लागली.

मॉड्यूलचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, नमुने पोचले, काम चालू आहे. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. तुम्ही पीस विचारले नाहीत. म्हणालात, हा डबा शेतात चालताना दाखवा. डबा तर बंद, आणि चालता होता तो आमच्या विहिरीवर. नोंदवलेल्या नंबरशिवाय तो कोणाचं ऐकत नाही, म्हणून आबांनी मेसेज टाकून तुमचा नंबर त्यात चढवला. तुमच्याकडे दुपारचे बारा, आमच्याकडे साडेचार. नशिबाने लाईट होती. तुम्ही स्वतः मिस कॉल दिलात, आबांना फोन लावलात आणि स्टॉलवर दोन गोरे गिऱ्हाईक उभे असताना मोठ्याने विचारलंत, "आबा, पानी उनं का?"

"उनं ना माय, उनं!" मागे नळीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. तुम्ही ते दोघांना ऐकवलंत.

सहा हजार किलोमीटरच्या वर जाऊन मला भेटलं काय, तर आपल्या बांधावरचं माणूस. मोठ्या कंपन्यांकडे यंत्रं आहेत, पैसा आहे. पाणी आलं का, हे विचारायला मात्र कोणी विहिरीवर रात्र काढलेलं लागतं. तुमच्या वडिलांनी काढली असणार.

आबांनी तुमचा नंबर मशीनमधून अजून काढलेला नाही, काढूही देत नाहीत. तुम्हाला वाटेल तेव्हा मोटर चालू करा. फक्त रात्री अडीचला नको, त्यांना उठून बघायला जावं लागतं.