टोपी दिसते सारखी, पण...

महोदय,
रानडुकरांनी आमच्या शिवारातली तूर लोळवली, तेव्हापासून पोरं मोबाइलवर घरी काडतूस भरायचे व्हिडिओ पाहतात. परवा पानठेल्यावर एकाने विचारलं, ‘काका, पिस्तुलाला रायफलचा प्रायमर चालते का?’ मी फौजेत २२ वर्षं आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठोका बसताच पेटणारी टोपी. दोघांचे लहान प्रायमर साधारण ४.४५ मिलिमीटरचेच, नखावर ठेवले तर फरक कळत नाही. पण रायफलच्या प्रायमरचा कप, म्हणजे धातूची वाटी, जाड. पिस्तुलाच्या हलक्या घोड्याने तो फुटला तर फुटला, नाहीतर नुसती टिचकी! रायफलमध्ये पिस्तुलाचा घातला, तर पातळ कपाला भोक पडून गरम गॅस मागे डोळ्यांकडे. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हाच. व्हिडिओवाला ते कशाला सांगते! तुरीचा पंचनामा मात्र अजून झाला नाही.

— एक निवृत्त आर्मोरर, ता. आर्णी, जि. यवतमाळ