एंडवॉकरच्या शेवटापर्यंत सोबत केलीस, ताई

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. गेम खेळणारी माणसं एकमेकांसाठी किती करतात आणि त्याचे आभार एखाद्या इमोजीवर कसे उरकले जातात, ते तुलाही माहीत आहे. मला तसं उरकायचं नाही. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या ऑनलाइन गेममध्ये जवळपास दहा वर्षं चाललेली कथा ‘एंडवॉकर’ या भागात संपली आणि तो शेवट मला माझा वाटला, तो तुझ्यामुळे. (पुढे कथेतलं बरंच काही उघड केलं आहे. ज्यांना अजून खेळायचंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

ऑगस्ट २०२० मध्ये या गेमची फ्री ट्रायल वाढवली गेली. ‘हेवन्सवर्ड’ हे पहिलं एक्सपान्शन (मूळ गेमला जोडलेला नवा मोठा भाग) आणि लेव्हल ६० पर्यंतचं सगळं फुकट झालं, तेही मुदतीशिवाय. आमच्या लालबागच्या दोन खोल्यांत तेव्हा सगळेच दिवसभर घरात होते. माझ्या मैत्रिणीने तुझा नंबर दिला, तिची मावसबहीण म्हणून. मुलुंडला राहते, हा गेम खूप वर्षं खेळते, बोलून बघ, एवढंच ती म्हणाली. तू पहिल्याच फोनवर विचारलंस, “टँक होशील का? हीलर मी आहेच.” टँक म्हणजे शत्रूचे वार अंगावर घेणारा आणि हीलर म्हणजे जखमा भरणारा, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

सास्ताशा या पहिल्या डंजनमध्ये, म्हणजे चौघांनी मिळून लढत पार करायच्या गुहेत, मी पुढे आणि तू मागे. तू शिकवलेलं अजून जसंच्या तसं लक्षात आहे. शत्रूचं तोंड पार्टीकडे, म्हणजे आपल्या गटाकडे, करायचं नाही, त्याला आपल्याकडे वळवून ठेवायचं. हीलरच्या नजरेआड पळायचं नाही, भिंतीमागे गेलं की औषध पोचत नाही. आपली ढाल कधी उचलायची ते शत्रूच्या हालचालीवरून ओळखायचं. मला ओरडून सांगता येत नव्हतं, आई शेजारीच झोपलेली असायची, म्हणून मी मेसेज टाइप करायचे आणि तू हेडफोनमध्ये बोलायचीस. फ्री ट्रायलवाल्यांना स्वतः पार्टी बनवता येत नाही. दर वेळी तूच बोलवायचीस आणि कधी त्याचा कंटाळा केला नाहीस.

पण ज्यासाठी हे पत्र आहे ती गोष्ट वेगळी. या गेममध्ये पैसे भरून कथा ओलांडता येते, एकदम पुढच्या एक्सपान्शनच्या दारात जाऊन उभं राहता येतं. मी तुला त्याबद्दल विचारलं, कारण सुरुवातीचा भाग खरंच लांब आहे. ऑगस्टच्या त्याच पॅचमध्ये (गेममधल्या बदलांत) त्यातल्या बऱ्याच क्वेस्ट, म्हणजे कामगिऱ्या, कमी केल्या, तरीही लांबच. तू नाही म्हणालीस आणि उपदेश न करता मला त्या गेमचीच गोष्ट सांगितलीस. सप्टेंबर २०१० मध्ये तो पहिल्यांदा आला आणि साफ पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये निर्माते-दिग्दर्शक म्हणून नाओकी योशिदा यांच्याकडे तो सोपवला. त्यांनी जुना गेम चालू ठेवून शेजारी नवा बांधायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद केले, तेही कथेतूनच. आकाशातला डालामुड नावाचा चंद्र खाली आला, त्यातून बहामुट नावाचा महाकाय ड्रॅगन बाहेर पडला आणि सगळं जग जाळलं गेलं. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रिअल्म रिबॉर्न’ या नावाने तेच जग पुन्हा उभं राहिलं. “जी कंपनी आपला फसलेला गेमसुद्धा कथेत सामावून घेते, तिची कथा ओलांडायची नाही,” असं तू म्हणालीस. हे वाक्य मी अनेकांना ऐकवलं आहे.

मग तू सोबत चाललीस. आठ जणांनी करायचं प्रिटोरियम हे डंजन तेव्हा जुन्या रूपात होतं, मधले कटसीन, म्हणजे कथेची दृश्यं, कुणालाच पुढे ढकलता यायचे नाहीत. तू ते किती वेळा पाहिले असशील कुणास ठाऊक. तरी माझ्यासाठी पुन्हा आलीस आणि त्या वेळात घरी कुकर लावलास. शिट्ट्या मला ऐकू येत होत्या. अवघड इंग्रजी आलं की तू मराठीत सांगायचीस. उरियांजे या पात्राचं जुन्या वळणाचं बोलणं तर मला तुझ्याशिवाय कळलंच नसतं. मी मराठी शाळेतली, मला अर्थ लागायला वेळ लागतो. तू त्या वेळाची कधी मला जाणीवही होऊ दिली नाहीस.

हेवन्सवर्डमध्ये आपला मित्र ऑर्शफाँ आपल्याला वाचवायला ढालीवर प्रकाशाचा भाला झेलतो, ढाल फुटते आणि तो जातो. मी पॅलाडिन, म्हणजे ढाल-तलवारवाली टँक, माझ्याही हातात ढालच. त्या रात्री तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला कोएर्थासच्या बर्फात त्याच्या स्मारकाशी घेऊन गेलीस. तिथून समोर इशगार्ड शहर दिसतं. आपण दोघी तिथे नुसत्या उभ्या राहिलो आणि मला कळलं की गेममध्ये असंही जाता येतं, काहीही मिळवायचं नसताना.

एप्रिल २०२१ बद्दल थोडंच लिहिते. दुसऱ्या लाटेत आमच्या घरातली दोन माणसं गेली. ‘स्टॉर्मब्लड’ या दुसऱ्या एक्सपान्शनच्या सुरुवातीलाच मी थांबले होते आणि कित्येक आठवडे लॉगिन केलं नाही. “कधी येतेस?” असं तू एकदाही विचारलं नाहीस. तू डबा पाठवायची सोय केलीस, त्यासाठी कुणाकुणाला फोन केलेस ते मला नंतर कळलं. आणि मे महिन्यात एक मेसेज केलास. गेमचे संगीतकार मासायोशी सोकेन यांनी चाहत्यांच्या ऑनलाइन मेळाव्यात सांगितलं होतं की आदल्या वर्षी त्यांना कर्करोग झाला होता आणि रुग्णालयात उपचार घेताना ते याच गेमचं संगीत करत होते. आता ते बरे आहेत, असं तू लिहिलंस. त्याला जोडून धीराचं एकही वाक्य लिहिलं नाहीस. मी त्या रात्री लॉगिन केलं.

ऑगस्टमध्ये दोन डोस झालेल्यांना पासवर लोकल खुली झाली. त्यानंतर एकदा आपण दादरला भेटलो. आमचं इंटरनेट तेव्हा वरचेवर बंद पडायचं, एवढा मोठा गेम नव्या लॅपटॉपवर उतरवायचा म्हणजे दिवसच्या दिवस गेले असते. तू आख्खा गेम हार्ड डिस्कवर कॉपी करून आणलास. फूलबाजाराच्या बाजूला त्या गर्दीत आपण पहिल्यांदा एकमेकींना पाहिलं आणि तू तिसऱ्या एक्सपान्शनबद्दल विचारलंस, “शॅडोब्रिंगर्समध्ये कुठवर आलीस?” मी सांगितलं. तू मान हलवलीस आणि विषय बदललास. तुझ्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते मी बघत होते. काहीही कळलं नाही.

मला यासाठी तुझे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. तुला पुढचं माहीत असायचं आणि तू गप्प राहायचीस. तीन एक्सपान्शनं मी अंदाज बांधत होते, झोडिआर्क हा काळोखाचा देव शेवटचा शत्रू असणार, हायडेलिन ही प्रकाशाची देवी आपल्या बाजूची की कोण, शॅडोब्रिंगर्समधला खलनायक एमेट-सेल्क खरंच गेला का. तू प्रत्येक अंदाज मन लावून ऐकायचीस आणि “बघू” म्हणायचीस. तुझ्या त्या “बघू”मुळे माझे अंदाज माझे राहिले.

आणि एंडवॉकर आपल्या दोघींसाठीही नवंच होतं. योशिदांनी ही कथा दोन एक्सपान्शनमध्ये न ताणता एकातच संपवायची ठरवली, तेही नंतरच्या पॅचवर न सोपवता. २०२१ च्या २३ नोव्हेंबरची तारीख दोन आठवडे पुढे गेली, तेव्हा माफी मागताना त्यांचे डोळे भरून आले होते. ३ डिसेंबरला अर्ली अॅक्सेस (आगाऊ नोंदणी करणाऱ्यांचा प्रवेश) उघडला आणि जगभरातले लोक एकदम दारात आले. रांगेत हजारो माणसं पुढे. कंपनीने सगळ्यांना आधी ७ आणि मग १४ दिवस मोफत दिले, डिसेंबरच्या मध्यात तर गेमची विक्रीच थांबवली, ती जानेवारीच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. तू तुझ्या ऑफिसातून मला आठवण करायचीस, की आताच रांग लाव, म्हणजे रात्री आत असशील; मध्येच बाहेर फेकलं गेलं तर लगेच पुन्हा शिर, नंबर शाबूत राहतो. तू माझ्याहून पुष्कळ भराभर खेळू शकली असतीस. तुझी रजाही मंजूर होती. तरी तू माझ्यासाठी थांबलीस, रोज जिथे मी तिथे तू.

थावनेअर बेटाला बोट लागली तेव्हा आपण दोघी एकदम बोललो होतो. तिथल्या राड्झ-अॅट-हान शहराचे ते रंग, हत्तीच्या तोंडाची माणसं, आणि राज्यकर्त्याचं नाव वृत्र! आपल्याकडे इंद्राने मारलेला तो वृत्र, इथे मात्र शहराला लेकरासारखं सांभाळणारा ड्रॅगन, जो लोकांसमोर एका लहान मुलाच्या कृत्रिम देहातून बोलतो. मला ते फार आवडलं. आपल्या भूमीची छाया परक्यांच्या गेममध्ये बहुतेक वेळा गारुडी नि राजवाडे एवढ्यावर संपते. इथे शेतं, बाजार, किमया करणारी निधाना, घाबरलेली साधी माणसं आहेत.

आणि मग त्याच थावनेअरचं आकाश पेटतं. निराशेने माणसांचे राक्षस होतात, एकाला पाहून दुसरा, दुसऱ्याला पाहून तिसरा. मत्स्य नावाचा तरुण एका तान्ह्या बाळाला घेऊन जंगलातून जातो आणि भीतीपुढे मोडू नये म्हणून स्वतःला सावरत राहतो. ताई, मी तो भाग खेळले तेव्हा मला आमच्या गल्लीतून रात्रभर जाणाऱ्या रुग्णवाहिका ऐकू आल्या. तू कॉलवर होतीस. मी माइक बंद केला तेव्हा तू ओळखलंस आणि म्हणालीस, “मी इथेच आहे, वाटलं तर उद्या करू.” आपण त्याच रात्री तो भाग संपवला.

‘इन फ्रॉम द कोल्ड’ या कामगिरीत तुला येता आलं नाही. तिथे एकटीनेच जायचं असतं. झेनॉस हा वैरी आपलं शरीर घेऊन निघून जातो आणि आपण एका साध्या जखमी सैनिकाच्या देहात, गार्लमाल्डच्या बर्फात, ना ढाल ना तलवारीची कला. एरवी माझ्यामागे उभी असणारी हीलर तिथे नाही, ही गोष्ट मला बोचली. गेम बनवणाऱ्यांना नेमकं तेच बोचवायचं असणार.

झोडिआर्क तर अर्ध्याच्याही आधी पडला आणि माझा अंदाज चुकला. मग एल्पिस ही भूतकाळातली जागा, आणि तिथे व्हेनात. गेमच्या पहिल्या मिनिटापासून आपल्याला हाक मारणारी हायडेलिन कधीकाळी हीच हसरी, भटकी बाई होती, हे मला एल्पिसमध्येच कळलं. तिने एकसंध जग फोडून त्याची चौदा जगं केली. माणसांना दुःख सोसायला शिकावं लागेल आणि तसं शिकलेली माणसंच पुढे टिकतील, हा तिचा निर्णय. तो बरोबर होता असं मला आजही पूर्ण म्हणवत नाही. आपलं यावर भांडण झालंय, तू तिच्या बाजूची. पण ती युगांमधून एकटी चालत जाते तो कटसीन, आणि त्याखाली वाजतं ते २०१२ मध्ये जुना गेम संपताना वाजलेलं संगीत! नोबुओ उएमात्सू यांचं ‘आन्सर्स’. मला ते ओळखता आलं, कारण तू मला तो जुना ट्रेलर पहिल्याच महिन्यात दाखवला होतास. कथा ओलांडून आले असते तर ती माझ्यासाठी फक्त एक सुंदर चाल झाली असती.

विश्वाच्या टोकाशी, अल्टिमा थूलेमध्ये, एकेक सोबती स्वतःला देऊन आपल्यासाठी वाट उघडतो, थॅन्क्रेड पहिला, जुळी भावंडं सगळ्यात शेवटी. शेवटचा चढ आपण एकटेच चालतो. तू तेव्हा म्हणालीस, “इथून पुढे मी कॉल ठेवते. हे तू एकटीने बघ.” मी बघितलं. पहाटे संपलं. तुला फोन केला तेव्हा तू पहिल्या रिंगला उचललास, म्हणजे तूही जागीच होतीस.

त्यानंतर तुझी नोकरी बदलली, घरात बाळ आलं आणि खेळ मागे पडला. जाता जाता एमेट-सेल्क न पाहिलेल्या जागांची यादी देतो ना, त्यातल्या सोन्याच्या नगरीपर्यंत मी २०२४ मध्ये ‘डॉनट्रेल’ या पुढच्या एक्सपान्शनमधून जाऊन आले. तुझं अजून राहिलंय. बाळ रात्रीचं झोपायला लागलं की सांग. टँक मी आहेच. आणि पुढे काय होतं हे कितीही विचारलंस तरी मी “बघू” एवढंच म्हणेन.

मनापासून आभार, ताई.

तुझी,
लालबागची पॅलाडिन