कंबरदुखीचं कारण कामातही शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाताची लावणी संपत आली की आमच्या सत्तरी तालुक्यात घरोघरी एकच तक्रार असते, कंबर धरली. दिवसभर चिखलात वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बायका रात्री तेल चोळून घेतात, शेकतात आणि सकाळी पुन्हा शेतात उतरतात. ‘वय झालं’, ‘वात आहे’ एवढ्यावर विषय मिटतो. डेंग्यू किंवा मधुमेहाबद्दल आपण जेवढं बोलतो, त्याच्या पावपटही कंबरदुखीबद्दल बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाचं हिंडणं-फिरणं आणि कामधंदा अडवणाऱ्या दुखण्यांत जगभरात हिचा पहिला क्रमांक लागतो. पुरुषांपेक्षा बायकांना ती जास्त होते. सुमारे नव्वद टक्के रुग्णांत मोडलेलं हाड, गाठ किंवा जंतुसंसर्ग असं एखादं ठरावीक कारण हाती लागत नाही. म्हणून ते दुखणं खोटं ठरत नाही. वजन उचलणं, तासन् तास वाकणं किंवा बसून राहणं, लठ्ठपणा, धूम्रपान, अपुरी झोप, मनावरचा ताण, अशा कितीतरी गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात.

यातली कामाची बाजू आपल्या गोव्यात डोळ्यांसमोर आहे. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारावर सकाळपासून वाकून काजूचे बोंडू वेचायचे, मग भरलेली पाटी डोक्यावर घेऊन खाली उतरायचं. चिरेखाणीत चिरे उचलायचे, बांधकामावर पन्नास किलोची सिमेंटची गोणी पाठीवर घ्यायची. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या मुली दर खोलीत जड गादी उचलून चादर खोचतात, खाली वाकून न्हाणीघर घासतात, आणि हंगामात खोल्या वाढल्या तरी माणसं वाढत नाहीत. ट्रकचालकांना दिवसभर बसून राहणं आणि गाडीची थरथर दोन्ही सोसावं लागतं. पणजीत संगणकापुढे बसणाऱ्यांचं दुखणंही खरंच आहे, पण ते निदान उठून चार पावलं चालू शकतात. लावणीतल्या बाईला कंबर सरळ करायलाही उसंत नसते. लावणीची यंत्रं आली आहेत, पण आमच्याकडच्या लहान कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, ती वळत नाहीत.

माणसाच्या ताकदीबाहेरचं, इजा होईल इतकं ओझं त्याला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४व्या कलमात लिहिलं गेलं. शेतात, हॉटेलात आणि बांधकामावर ते प्रत्यक्षात कधी पोचणार?

दुसरी गोष्ट उपचारांची. कंबरेत उसण भरली की आपण दोन गोष्टी करतो, पडून राहतो किंवा थेट एमआरआय काढायला धावतो. अहवालात ‘चकती (दोन मणक्यांमधली गादी) झिजली’ असं आलं की घरातलं माणूस हबकतं. मणक्यात गॅप आलाय म्हणून वाकणं बंद, चालणं बंद, कायमचा पट्टा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ऐंशी टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, विशीतल्यांतही हे प्रमाण ३७ टक्के होतं. म्हणजे केसांसारखी चकतीही वयाप्रमाणे बदलते, आणि एवढ्याने कुणी अधू होत नाही. नव्याने उठलेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत बरीच कमी होते. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणाऱ्याला अंथरुण धरलेल्यापेक्षा लवकर उतार पडतो. पण हे शांतपणे समजावून सांगायला कुणीतरी हवं.

म्हणून माझी सरकारला कळकळीची विनंती आहे. ग्रामीण भागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातल्या ठरावीक दिवशी फिजिओथेरपिस्ट मिळावा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन यायचं तर सत्तरीतल्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो. स्वयंसाहाय्य गटांच्या बैठकींत लावणीपूर्वी आणि काजूच्या हंगामापूर्वी कंबरेचे साधे व्यायाम शिकवावेत. हॉटेलमालकांनी एका माणसाकडे किती खोल्या द्यायच्या याची मर्यादा घालावी आणि जड गादी दोघांनी मिळून उचलायची पद्धत ठेवावी. याला फारसा पैसा लागत नाही.

आणि वाचकांसाठी एक गोष्ट, जी प्रत्येक घरात माहीत असायला हवी. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. पडल्यावर किंवा अपघातानंतर कंबर दुखू लागली, सोबत ताप आला, कारण नसताना वजन उतरलं किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरीही डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

आपली,
एक शिक्षिका, वाळपई